डावी मुरड

उमरग्याहून निघालेल्या आमच्या मोटारीचं चाक जळकोटला बसलं. साल एकोणीसशे साठ, चैत्रातली टळटळीत दुपार. ड्रायव्हर म्हणाला, "तासभर लागंल, मावशी." रस्त्यापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एका चिनी माणसाचं हॉटेल होतं. सावली तेवढी तिथंच.

भाऊ राघवेंद्र मला अणदूरला न्यायला आला होता. दोन दिवसांनी तिथं आमच्या धाकट्या बहिणीचा, शामलाचा, विधी व्हायचा होता. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचं दर्भाचं शरीर करून दहन करतात, तो. अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत सोळा वर्षांची शामला बैलगाडीनं आजोळी निघाली आणि गाडी रिकामी परत आली. पण कुणी प्रेत पाहिलं नव्हतं. जिवंत पोरीला जाळायचं, मग ते गवताचं का असेना? विधी थांबवायचा, हे ठरवूनच मी निघाले होते. वाटभर तेच बोलले. राघवेंद्र खिडकीबाहेर बघत राहिला.

हॉटेलवाला ली हैदराबादेत वाढलेला, दखनी बोलायचा. त्यानं बांबूची टोपली पुढे ठेवली. आत पिठाची वाफवलेली पुडकी, आपल्या कानवल्यांसारखी मुरड घातलेली.

"डिमसम, माँजी."

"आत काय?"

"गोबी. तुळजाभवानी की कसम, अंडा भी नै."

देवीला एवढ्या लांबचा भक्त मिळालाय म्हटल्यावर मी खायला बसले. राघवेंद्रानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

चव बरी होती, मीठ जरा कमी. चौथं पुडकं उचललं आणि हात थांबला.

शामला डावखुरी. तिच्या कानवल्याची मुरड उलट्या अंगानं जायची. विळीवर तिच्या बोटाचं पेर गेलं होतं, म्हणून पाचव्या चुणीनंतर थोडी जागा सपाट राहायची. आई त्यावरून तिला चिडवायची. माझ्या हातातलं पुडकं तसंच होतं.

"हे कुणी केलं? आत बाई आहे का?"

"औरत कहाँ की, माँजी. मैं अकेला."

"माझ्यासमोर करा बरं."

त्यानं लाट्या लाटल्या, कोबी भरला, उजव्या हातानं चुण्या घातल्या. नऊ, अगदी एकसारख्या. मी मोजल्या. सहा पुडकी टोपलीत मांडून त्यानं झाकण ठेवलं. मी चुलीपासून हलले नाही.

झाकण उघडलं.

सहाही डावीकडे वळलेली. पाचव्या चुणीनंतर सपाट.

ली दचकला नाही. हळूच म्हणाला, "कल दोपहर से ऐसाच हो रा. मैं किसीकू बोला नै."

मी टोपली राघवेंद्रापुढे आपटली. "बघ! जिवंत आहे ती. परवाचं काही करायचं नाही. भटजींना मी सांगते."

"अक्का..."

"अक्का-बिक्का नको. थांबव."

त्यानं टोपी काढली. शेंडी सोडून सगळं डोकं तासलेलं होतं.

"कधी?"

"काल दुपारी. तू करू दिलं नसतंस."

वाफ आमच्या दोघांच्या मधून वर चढत होती. राघवेंद्रानं एका पुडक्यावरून बोट फिरवलं, पाचव्या चुणीपाशी थांबवलं.

"अक्का, काल पिंड मीच वळले," तो म्हणाला. "पानावर ठेवले तेव्हा गोल होते. उचलले तेव्हा नव्हते."