रीताच्या फ्रॉकची माया

आचल, ते दार लावून घे, मग सांगतो. ही आपल्या सदाशिवराव टेलरची गोष्ट हाय, त्याच्याच तोंडून ऐकलेली.

सिंदीत स्टेशनकडच्या रस्त्यावर त्याचं दुकान. रेडिमेडच्या जमान्यात नवं शिवायले कोण देते? जुने कपडे लांब-आखूड करणं, एवढंच काम उरलं. मान दुखायची, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी बसून राह्यचा.

दर दिवाळीच्या आधी देवकाबाई त्याच्याकडं एक जुना फ्रॉक आणायची. पिवळा, बारीक फुलांचा. तिच्या रीताचा. रीता लहानपणीच तापानं गेली, त्याले जमाना झाला. तवा पोरींचे फ्रॉक शिवताना खालच्या दुमडीत बरंच कापड माया म्हणून सोडत. पोरगी वाढली, की उसवून लांब करायचं. देवकाबाई म्हणायची, थोडा लांब करून द्या. सदाशिवराव करून द्यायचा. काऊन, ते त्यानं कधी विचारलं नाई.

मागच्या वर्षी वसुबारसेले, दिवे लागल्यावर ती आली. त्यानं फ्रॉक उलटा करून पाह्यला.

"बाई, यात आता माया उरली नाई."

ती बाकावर बसली. मग म्हणे, "मी बी थकली, भाऊ. पण ती रोज म्हणते, आई, आखूड होऊन राह्यला."

सदाशिवराव खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडून देतो म्हणाला, पण माप तर पाह्यजे.

"माप ती देईन," देवकाबाई म्हणाली, अन् काठी टेकत घरी गेली.

त्यानं फ्रॉक खुंटीले अडकवला, जुळतं कापड शोधलं. तेवढ्यात लाइट गेली. मेणबत्ती लावून पाह्यतो तर... खुंटी रिकामी.

मागं कोणीतरी उभं होतं.

मापाले उभं राह्यलेलं माणूस श्वास रोखून धरते ना... तसं. त्यानं वळून पाह्यलं नाई. दार समोरच उघडं होतं. पळता आलं असतं.

पण म्हातारी पुढच्या वर्षी बी येणार होती.

तो खाली बसला. डोळे मिटले. टेपचं टोक खांद्यावरून मागं वर धरलं.

टोक... कोणीतरी हातातून घेतलं.

टेप ताणला गेला.

"सरळ उभी राह्य, बेटा."

त्यानं डोळे उघडून फक्त टेपवरचा आकडा पाह्यला. लेकराचं माप नव्हतं ते...

मग टेप सैल पडला. फ्रॉक मशीनवर होता. त्यानं बसल्या बैठकीले पट्टी जोडली, तिच्या दुमडीत बी माया सोडली, अन् सकाळी नेऊन दिला.

यंदा दिवाळी आली, पण देवकाबाई काही आली नाई. सदाशिवरावले घोर लागला. मले म्हणे, चाल संगं. आमी गेलो. बाई अंगणात बसून होती, चेहऱ्यावर झोपेची सूज. आता झोप लागते म्हणे, रीता काही म्हणत नाई. अन् तिनं आतून फ्रॉक आणून दिला.

पट्टीची दुमड उसवून लांब केलेली. हातानं तुरपाई घातलेली. घरात देवकाबाई एकटीच, अन् तिले मोतीबिंदू. सुईत दोरा ओवता येत नाई.

मी सोता बोट फिरवून पाह्यलं. सुरुवातीचे टाके वाकडेतिकडे, शिकाऊ हाताचे. अन् घेर फिरून येता येता...

सरळ.