आठ प्रश्नांचा कागद

"उद्याच बार कौन्सिलकडे तक्रार धाडतो. विनायकची सनद गेलीच समजा!" वकील वेंकटेश इनामदार गरजले. तीस वर्षं दिवाणी दावे लढवून कमावलेला तो आवाज कोप्पीकर रोडवरच्या ऑफिसात मावत नव्हता.

खासगी तपासनीस उत्तराअक्का शांतपणे ऐकत होत्या. त्यांचा मदतनीस संघपाल टिपून घेत होता.

काल जागेच्या दाव्यात विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी होती. "त्या दिवशी कुठं होता?" या पहिल्याच प्रश्नाला गडी घाम पुसत म्हणाला, "सही माझीच आहे!" सगळं कोर्ट हसलं.

वेंकटेशांच्या टाइप केलेल्या कागदावर सहीचा प्रश्न पहिला होता आणि 'कुठं होता' हा आठवा, शेवटचा. कागद फुटला होता हे उघडच होतं. तो ऑफिसातल्या तिघांनीच पाहिला होता, आणि कोर्टात नेईपर्यंत तो विनायकच्या ताब्यात असे.

ज्युनिअर विनायकचे डोळे लाल झाले होते. "कोर्टात कागद मीच वेंकटेशअण्णांच्या हातात देतो, अक्का. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून. पाच वर्षं झाली."

कारकून सदाशिव आधीच चिडलेला. "सायेब कायम खालून वर जातात. अठरा वर्षं फायली धरून मागं उभा आहे की मी!"

टायपिस्ट दीपश्री हळूच म्हणाली, "मी नुसतं टाइप करते. कोर्टाची पायरी अजून चढले नाही."

संघपालनं विनायकच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या. एवढ्या सोप्या केससाठी अक्कांनी हातातलं तारिहाळच्या कारखान्याचं तपासाचं काम का सोडलं, हे त्याला कळेना.

अक्कांनी सगळ्यांना आत बोलावलं.

"साक्षीदारानं उत्तरं वरून खाली घोकली होती. म्हणजे वकीलसाहेब खालून सुरुवात करतात, हे कागद देणाऱ्याला ठाऊकच नव्हतं. विनायकला ते ठाऊक आहे, सदाशिवलाही. वकीलसाहेबांना कोर्टात कधीच न पाहिलेलं माणूस इथं एकच आहे."

दीपश्रीला रडू फुटलं. "ते साक्षीदार माझे मामा आहेत. कोर्टाच्या भीतीनं चार दिवस जेवले नव्हते. उत्तरं पाठ असली की धीर येईल, असं वाटलं हो."

वेंकटेशांना मनापासून लाज वाटली. "चुकलं माझं, विनायक. हा दावा आता तूच चालव."

विनायकनं काळा कोट हातावर घेतला. "अण्णा, तक्रार लिहायच्या आधी मला एकदा तरी विचारायचं होतं. मी 'नाही' म्हटलं असतं, तर विश्वास ठेवला असता तुम्ही?"

विनायक जिना उतरून गेला, आणि त्याला हाक मारायचं धाडस वेंकटेशांना झालं नाही.