लंगड्या एल्कच्या मागावर

ऑक्टोबरातल्या एका गोठलेल्या सकाळी तीन माणसं आणि एक कुत्री होडीतून तळं ओलांडून निघाली, ती एका लंगड्या एल्कला, उत्तरेच्या जंगलातल्या अजस्र हरणाला, शोधायला. हाल्वार या फेरीला शिकार म्हणायला तयार नव्हता. गेल्या वर्षीचं अर्धं राहिलेलं काम, एवढंच तो म्हणायचा.

धुकं इतकं दाट होतं, की वल्हं पाण्यात बुडे तेवढंच खरं वाटे. वल्हवत होता हाल्वारच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बोर्ये. त्याचं तोंड आणि हात दोन्ही अखंड चालत. पुढच्या टोकाला बोर्येची मुलगी टीरा बसली होती, मांडीवर रायफल घेऊन. तिच्या पायाशी राखाडी कुत्री, तूस्सा. आणि मधे, खांद्यावर रायफल असूनही निःशस्त्र, सदुसष्ट वर्षांचा हाल्वार.

निःशस्त्र, कारण त्याच्या रायफलीला बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, नव्हता. त्यांच्या शिकारी टोळीचा हा जुना नेम. जखमी जनावर मागे टाकून जो घरी परततो, त्याने आपल्या रायफलीचा बोल्ट काढून दुसऱ्याच्या हवाली करायचा आणि ते जनावर सापडेपर्यंत परत मागायचा नाही. रायफल मात्र दर शिकारीला खांद्यावर वाहायचीच. बोल्टाविना रायफल म्हणजे नुसता सोटा! हाल्वारने स्वतः तीन जणांकडून बोल्ट काढून घेतले होते, वर चार शब्दही सुनावले होते. गेल्या वर्षी पाळी त्याच्यावर आली, आणि त्याने मुकाट्याने आपला बोल्ट भाचीच्या हातावर ठेवला.

झालं होतं असं. गावाबाहेरच्या मैदानात रुळांवरून एक पुठ्ठ्याचा एल्क पळवतात, धावत्या निशाण्याच्या परीक्षेसाठी. हाल्वारने त्या पुठ्ठ्याला नऊ वर्षं ओळीने छातीत टिपलं होतं, आणि तसा बिल्ला त्याच्या टोपीवर होता. मग एक दिवस खरा एल्क समोरून धावत गेला, आणि त्याचं बोट चापावर आपसूक वळलं. पण पुठ्ठ्याचा एल्क ओंडक्यावरून उडी मारत नाही! खऱ्याने मारली. गोळी मागच्या पायात घुसली. तीन दिवस रक्ताचे ठिपके शोधत हाल्वार रांगला आणि चौथ्या दिवशी बर्फ पडलं. त्या हिवाळ्यात झोपेतसुद्धा त्याला एक खूर फरफटत चाललेला ऐकू येई. त्याने बिल्ला टोपीवरून काढून खिळ्यांच्या डब्यात टाकला.

या ऑगस्टमध्ये तळ्यापलीकडे दलदलीतली पिवळी बोरं वेचणाऱ्या एका बाईने गावात सांगितलं, की चिखलात तीन खूर स्वच्छ उठलेत आणि चौथ्याची नुसती रेघ आहे. हाल्वारने तिच्यासमोरच टोपी काढली आणि तो रडला. म्हाताऱ्याला रडताना बघून ती बाई बिचारी बोरांची बादलीच विसरून गेली.

"मेहुणे," बोर्ये वल्हं मारत म्हणाला, "सापडला तर काय बोलणार त्याच्याशी? तब्येत विचारणार?"

"तू गप्प बसलास तर त्यालाच बोलायला सवड मिळेल," हाल्वार म्हणाला. टीरा पुढे तोंड करून हसली.

पलीकडे दलदल पसरली होती, तांबूस शेवाळाची. धुक्यातून एखादं वाळकं झाड पुढे येई आणि पुन्हा विरून जाई. वाट आठवणीनेच काढायची होती, आणि हाल्वारची आठवण पक्की होती. पाय मात्र सदुसष्ट वर्षांचे होते. अर्ध्या वाटेत शेवाळ फाटलं आणि तो कमरेपर्यंत आत गेला! चिखल थंडगार होता आणि खाली ओढत होता. बोर्येने आडवं पडून काठी पुढे केली. हाल्वारने एकाच हाताने ती धरली, कारण दुसऱ्या हाताने रायफल डोक्यावर धरली होती.

"अहो, सोडा ती! दोन्ही हातांनी धरा!"

"नळीत चिखल जाईल."

"बोल्ट नाही तिला, मामा!" टीरा ओरडली.

"आत्ता नाही, पुढे असेल," हाल्वार दात कडकडवत म्हणाला. अखेर बाप-लेकीने मिळून त्याला ओढून काढला, रायफलीसकट.

एका कोरड्या उंचवट्यावर त्यांनी विस्तव केला. काळ्याठिक्कर किटलीत कॉफी उकळली, तिकडच्या पद्धतीने कपात चीजचे तुकडे टाकले, पातळ भाकरी मोडली. ओले कपडे वाफाळत होते. धुकं आगीच्या कडेला येऊन थबकलं होतं, आणि हाल्वारला वाटलं की आपण जागेपणी त्याच हिवाळ्यातल्या झोपेत शिरलोय. टीराने बूट पालथा करून पाणी ओतलं आणि ती म्हणाली, "मामा, त्या कडेचा चिखल बघ."

तीन खूर. एक रेघ. कडा अजून ओल्या!

तूस्साला सोडली. ती नाक खाली घालून धुक्यात विरघळली. मग बराच वेळ काहीच नाही. आणि अचानक डावीकडे विलोच्या झुडपांत काडकन मोडलं!

तो आला. घोड्याहून उंच, काळपट, फावड्यांसारखी शिंगं मागे टाकून, पाणी उडवत! धुक्याच्या एका पडद्यातून निघाला आणि दुसऱ्याकडे धावला. मागचा डावा पाय बाहेर फेकत होता, तरी वेग असा की बघत राहावं. साठ पावलं. टीराची रायफल खांद्याला लागली. नळी त्याच्यासोबत सरकू लागली, छातीच्या थोडी पुढे, अगदी मैदानात शिकवतात तशी.

"मार!" हाल्वार ओरडला. "मार, टीरा! मार!"

नळी सरकत राहिली. मग वर उचलली गेली. एल्क धुक्यात शिरला, त्यामागे तूस्सा. उडालेलं पाणी खाली पडल्याचा आवाजही नीट ऐकू आला.

"अगं, काय केलंस हे!" बोर्येने टोपी आपटली. "हाताशी आलेला घास! आधीच जखमी आहे तो. लागली असती तर सुटला असता, नसती लागली तर..."

"तर काय, बाबा?"

बोर्ये टोपी उचलून झटकू लागला.

"धावत होता," टीरा म्हणाली. एवढंच. तिने रायफल पुन्हा खांद्याला अडकवली.

ओरडला होता हाल्वार! बोर्ये नाही, दुसरा कुणी नाही. एल्कचे हाल संपावेत म्हणून ओरडला होता का? छे. आपलं वर्ष संपावं म्हणून. हे त्याला इतकं लख्ख कळलं, की लाज वाटून तो एकटाच पुढे चालू लागला.

दोन तास गेले. ओढा लागला, मांडीभर, बर्फासारखा. एकमेकांचे पट्टे धरून ते उतरले. मध्यावर बोर्येचा पाय सुटला, तो पाण्याखाली गेला आणि शिव्या देतच वर आला. आणि पलीकडच्या काठावर तिघंही थांबले. दूरवर तूस्सा भुंकत होती. एका जागी. एका लयीत. पळणाऱ्यावर कुत्रं असं भुंकत नाही.

टीराने कोटाच्या आतल्या खिशातून एक लोकरीचा मोजा काढला. मोज्यात बोल्ट होता, तेल लावलेला, तिच्या अंगाने ऊबदार झालेला.

"मामा, उभा आहे."

"मी मागितला नाही."

"सापडला ना? मग मागायचं काय त्यात?"

त्याने बोल्ट बसवला. वाऱ्याच्या उलट दिशेने, आधी वाकून आणि मग पोटावर, तो सरकत गेला. चाळीस पावलांवर स्प्रूसच्या दोन झाडांमध्ये एल्क उभा होता, शिंगं कुत्रीकडे झुकवून. मागे टेकाड होतं, म्हणजे गोळी कुठे भरकटणार नव्हती. पण छातीवर एक फांदी आडवी आली होती. हाल्वार थांबला. बोटं बधिर झाली. तूस्साचा आवाज बसत चालला. आत्ता! नाही, फांदी. आत्ता! नाही. इतक्या जवळून त्याला आता सगळं दिसत होतं. वेडावाकडा जुळलेला पाय, वर आलेलं कमरेचं हाड. यंदाच्या पोटापर्यंत चढणाऱ्या बर्फातून हा निघाला नसता.

एल्क वळला. त्याची अख्खी कूस समोर आली. हाल्वारने श्वास सोडला.

एकच बार! एल्क दोन पावलं चालला, काहीतरी आठवल्यासारखा थांबला आणि गुडघ्यांवर बसला. मग आडवा झाला.

बोर्ये आणि टीरा पोहोचले, तेव्हा हाल्वारने स्प्रूसची एक डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवली होती, शेवटचा घास म्हणून. बोर्येनेही टोपी काढली आणि तो चक्क गप्प राहिला. मग हाल्वारने हात पसरून वीत टेकवली. आजच्या जखमेपासून गेल्या वर्षीच्या जखमेपर्यंत मोजत गेला. एक, दोन, तीन... सात विती.

"सात," तो म्हणाला. "इतका नेम चुकला, आणि नऊ वर्षं बिल्ला मिरवला मी."

मांस तीन घरांना हिवाळाभर पुरणार होतं. ते वाहून न्यायला उद्याचा दिवस लागणार होता. विस्तव पेटला, किटली चढली. उन्हाची एक फिकट तिरीप दलदलीवर उतरली आणि धुकं सुटं होऊन वर जाऊ लागलं. हाल्वारने रायफल पुसली, बोल्ट काढला, त्यालाही पुसलं आणि मोज्यात घालून टीरापुढे धरला.

"आता कशाला?" ती म्हणाली. "संपलं ना!"

"एल्कचं संपलं. मी ओरडलो ते ऐकलंस ना?"

टीराने मान डोलावली.

"मग ठेव तुझ्याकडे," हाल्वार म्हणाला. "जनावर उभं असेल तेव्हा दे."

टीराने मोजा घेतला आणि आतल्या खिशात ठेवला.