तिसरी तार

अंबाजोगाईच्या त्या खासगी रुग्णालयात संगणकांचे जाळे जोडणारे दोन नेटवर्क स्विच होते. एक जुन्या इमारतीत, एक नव्या. तपासण्या, औषधे, खाटा, साऱ्यांच्या नोंदी त्यांच्यातूनच जात. बाहेरच्यांना मात्र ते एकच दिसत. एक नाव, एक पत्ता. जुना कारभार पाही, नवा सावध उभा राही. दोघांमधला जाड दुवा तुटला, की प्रत्येकाला वाटे दुसरा मेला. मग दोघेही एकाच नावाने बोलू लागत आणि सगळा घोळ होई. त्यासाठी तिसरी, बारीक तार असते. दुसरा जिवंत आहे, एवढेच ती कळवते. ते कळताच आधीचा कारभारी आपली सारी दारे मिटून गप्प बसतो.

ही तार, जाळ्याचे काम पाहणाऱ्या विश्वेश्वरने जोडलीच नव्हती. जोडल्याच्या दाखल्यावर सही मात्र केली होती. संचालकांनी नारळ फोडला, अहवालात काम पूर्ण झाले. कागदावर पूर्ण झालेले काम पुन्हा तपासण्याचा असभ्यपणा आपल्याकडे सहसा कोणी करत नाही. तो केला त्याच्या थोरल्या भावाने, विरुपाक्षने. कोणाला काही न सांगता तो बीडला तार आणायला गेला आणि परतताना मांजरसुंब्याच्या घाटात अपघातात संपला. घरच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्याला बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून माती दिली. पोलिसांनी परत केलेले तारेचे वेटोळे तीन महिने विश्वेश्वरच्या स्कूटरच्या डिकीत होते, वेष्टनही न फोडलेले.

आईची, शांतादेवींची, नजर गेलेली. ती माणसे आवाजावरून ओळखे. "दादा काहून गेलता रे बीडला?" ती रोज विचारी.

"माहीत न्हाई, आई." तो रोज म्हणे.

मंगळवारी दुपारी संगीता सिस्टरचा फोन आला. "सर, समदं बंद पडलतं. मंग आपोआप सुरू झालं. तरी बघून जा."

दुवा तुटला असणार. पण तिसऱ्या तारेवाचून आपोआप काही सुरू होणे शक्य नव्हते.

जुन्या इमारतीच्या दारात पहारेकरी राधाकिशन तंबाखू मळत होता. "परत? एका पगारात किती चकरा मारता, सायेब?"

"मी आत्ताच येतोय."

"मंग मघाशी चावी कोनाला दिली मी? लई गप गप होता तुमी. अंगाला मातीचा वास येत होता." तो हसला; विश्वेश्वर हसला नाही, तसा राधाकिशनचा मळता हात थांबला.

आत जुना स्विच नियमाप्रमाणे गप्प झाला होता. सारे दिवे विझलेले. यंत्रातली नोंद स्वच्छ होती: तिसऱ्या तारेवरून खबर आली, दुसरा जिवंत आहे.

विश्वेश्वर वाकला. तिसरी तार खोचायचे तोंड रिकामे होते. कारखान्यातून आलेले रबरी बूच अजून त्यात घट्ट बसलेले. त्याच्या शेजारी मात्र एकच बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता.

त्याने बाहेर येऊन डिकी उघडली. वेटोळे तसेच होते. ते छातीशी धरून तो थेट घरी निघाला. आज आईला सांगायचे होते. तीन महिने ते वाक्य जुळत नव्हते. आता ते नीट जुळून ओठांवर आले होते.

दार लोटलेले होते. त्याने कडीला हात घातला.

आत कोणीतरी बोलत होते.

आवाज त्याचाच होता. तीच किंचित अडखळ, तेच शब्द. "आई, ती तार मी जोडली न्हवती. खोटी सही केली. दादा माझ्यापायी गेला."

आईच्या बांगड्या वाजल्या. ती कोणाच्या तरी डोक्यावरून हात फिरवत असावी. "सांगितलंस, बरं केलंस, विश्वा."

त्याने हाक मारायला तोंड उघडले. आवाज फुटला नाही. हात कडीवरच राहिला. जुन्या स्विचसारखी त्याची सारी दारे मिटली होती; फक्त ऐकू येत होते.

"दारात कोन हाय रे?" आईने विचारले.

"कोनी न्हाई, आई," आतला म्हणाला.