मार्चअखेरचा निवारा

अनुपमा लेखापरीक्षक होती आणि आपल्या कामात कच्ची नव्हती. ग्रामपंचायतीनं खर्चाचा अहवाल कितीही गोडगोड लिहिलेला असो, काम जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय ती सही करत नसे. शिरूरपासून दौंडपर्यंतचे ग्रामसेवक तिला टरकून असत आणि तिला ते आवडायचंही.

पाटसच्या अलीकडे एका फाट्यावर तिनं गाडी थांबवली. अहवालानुसार इथं एसटीचा निवारा बांधून झाला होता. समोर नुसता मुरूम होता, आणि भर दुपारी साखरबाई नावाची म्हातारी तिथं मांडी घालून निवांत बसली होती.

"शेड कुठे आहे?"

सोबत आलेल्या ग्रामसेवक विनोदनं मान खाली घातली. "मॅडम, मार्चएंडला निधी परत जातो. म्हणून काम झालं असं आधीच कळवलं. ठेकेदार नंतर आलाच न्हाई."

"म्हणजे तुमचं निलंबन."

"व्हय. पण लोक बसत्यात हितं. तुम्ही आत येऊन तर बघा."

आत म्हणे! ती हसत पुढे गेली, आणि मानेवरचं ऊन कुणी पुसून घ्यावं तसं नाहीसं झालं. पायाखालचा मुरूम गार लागला. साखरबाईची सावली कुठंच पडलेली नव्हती. डोक्यावर पत्रा तापल्यासारखा टकटक वाजत होता आणि वर पाहिलं तर मोकळं आभाळ.

अनुपमा घाबरली. पण घाबरून मत बदलणाऱ्यांतली ती नव्हती.

"बाई, जरा अलीकडं सरा," साखरबाई म्हणाली. "त्यांच्या पायावर उभ्या हायसा तुम्ही."

"कोणाच्या?"

"गाडीची वाट बघत्यात त्यांच्या. शेड झाल्याचं वर कळवलं, तवापस्नं बसत्यात."

विनोदनं हात जोडले. "मॅडम, एवढं राहू द्या."

डोळ्यांना दिसत नाही ते अहवालात जात नाही, हा तिचा नेम होता. तिनं उभ्याउभ्याच लिहिलं, 'काम जागेवर आढळले नाही.'

ऊन एकदम अंगावर आलं. साखरबाईनं पदर डोक्यावर ओढला. तिची सावली मुरमावर पडली.

"आता त्यांनी कुठं बसायचं?" तिनं विचारलं.

अनुपमा गाडीकडे वळली. आपण बरोबर केलं, याची तिला खात्री होती. माळावर झाड नव्हतं की झुडूप. सावली होती ती फक्त तिच्या गाडीत.

ती स्टिअरिंगमागे बसली आणि दार लावून घेतलं. मागची सीट रिकामी होती.

गाडी मागच्या अंगाला थोडी खचली.

मग आणखी थोडी.