लाली गिळणारं पाणी

ओलावा शिरू न देणाऱ्या काचेच्या शुष्कपेटीत ठेवलेला, चंद्रावरच्या हरितगृहासाठी बनवलेला लाल प्रकाशपट आज सकाळीही मंदावला होता. डॉ. वीणा खांबेटे यांनी आकडा तीनदा पाहिला. दसऱ्यापासून हे रोजचंच झालं होतं, आणि त्यांचा संशय एकाच माणसावर होता. संध्याकाळच्या पाळीतला गोरक्ष उगले! परक्या कंपनीचं बोलावणं खिशात घेऊन फिरतोय मेला! त्याला काढून टाका, असं पत्र त्यांनी संचालकांना दिलंही होतं. अकरा वाजता निर्णय होता, फक्त पुरावा हवा होता.

म्हणून त्यांनी आपले जुने गुरू हुदलीकर सरांना बोलावलं होतं.

"पटातल्या युरोपियम धातूभोवतीचे सेंद्रिय रेणू ऊर्जा गोळा करून त्याच्या हाती देतात, तेव्हा तो लाल उजळतो," सर म्हणाले. "पण शेजारी पाणी आलं, की त्यातल्या हायड्रोजनची थरथर ती ऊर्जा मधल्या मध्ये गिळते. जड पाण्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा, त्याची थरथर संथ. त्याला ती ऊर्जा फारशी गिळता येत नाही."

"म्हणून तर काल इथल्या सगळ्या बाटल्यांत मी गुपचूप जड पाणी भरलं, सर. बाहेरून थेंबही आत येत नाही, दारात झडती होते. उगलेनं शुष्कपेटीत पाणी घातलं असतं, तर ते जडच असतं."

"मग लाली टिकली?"

"नाही ना! रोजच्यासारखीच उतरली."

"म्हणजे पेटीतलं पाणी साधं आहे. उगले सुटला, बाई."

"असं कसं? मग साधं पाणी आणलं कुणी?"

"दारात झडती कुणाची होत नाही?"

वीणाताईंची. विभागप्रमुखाला कोण अडवणार? वीणाताई पेटीच्या काचेशी वाकल्या. आत, प्रकाशपटामागच्या कोपऱ्यात, हळदकुंकू लागलेला टपोरा झेंडू रोज थोडं थोडं पाणी सोडत मलूल होऊन पडला होता.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा त्यांनीच हौसेनं तो आत सरकवला होता. उगले चाचरत म्हणाला होता, "मॅडम, आत नको. बाहेरच वाहू या." आणि त्या खेकसल्या होत्या, "मला शिकवू नकोस!"

अकराला पाच कमी होते. पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून फूल काढून त्या जवळजवळ धावतच संचालकांच्या खोलीत शिरल्या. उगले खाली मान घालून उभा होता.

"पुरावा आणलात?" संचालकांनी विचारलं.

"आणलाय." त्यांनी झेंडू आपल्याच पत्रावर ठेवला. "पाणी मीच घातलं."