बादली की!

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. पण जानेवारीतल्या त्या सकाळी मी खरंच शांत होते. सोलापुरात सात रस्त्याला शेअर रिक्षा थांबली. वाकून पाहिलं तर मागे एक बाई, एक चष्मेवाला, आणि माझ्या जागेवर भलामोठा खोका.

"खोका मांडीवर घ्या," मी म्हणाले.

"आत नाजूक वस्तू आहेत, मॅडम."

"मीपण नाजूकच आहे. सरका!"

त्यानं हसू दाबत खोका मांडीवर घेतला. प्रत्येक गतिरोधकाला त्याचं कोपर मला लागायचं आणि तो म्हणायचा, "सॉरी..." मी बाहेर बघत राहिले. होटगी रस्त्यावर आमच्या शाळेच्या फाटकाशी मी उतरले, तर तोही खोका सावरत उतरला.

आमची शाळा विशेष मुलांची. मी तिथं सहा वर्षं शिकवते. नाव वैजयंती. आणि हा ऋतुराज, मूळचा आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरचा, पुण्याहून पीएचडीच्या संशोधनाला आलेला. खोक्यात टॅब होते. टॅब चित्र दाखवणार, मूल नाव सांगणार, आणि मिनिटाला किती उत्तरं बरोबर आली ते टॅबच ऐकून मोजणार.

"येणं वेगळं आणि सहज येणं वेगळं," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "सहज आलं, की ते मुलाचं स्वतःचं होतं."

हे मला पटलं. मीही चित्रांची कार्डं आणि स्टॉपवॉच घेऊन हेच करत आले होते. या माणसाचं काही पटावं याचाच मला राग आला.

तो मुलांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसायचा. माझ्या डब्यातली शेंगाचटणी न विचारता संपवायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, तुम्ही हसता कधी?"

"लेखी अर्ज करा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर अर्ज होता. 'विषय : हसण्याबाबत.' मी दार लावून हसले आणि अर्ज नामंजूर केला.

मार्चअखेरीस समिती बसणार होती. टॅबचा अहवाल पाहून जूनपासून साध्या शाळेत कोण जाणार ते ठरणार होतं. माझा जीव अडकला होता संस्कृतीत. नऊ वर्षांची, होटगीची. बाप चिंचोळी एमआयडीसीत कामाला, आई घरात कन्नड बोलणारी. पोरगी पाच वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. आता माझ्या कार्डांवर मिनिटाला बत्तीस नावं सांगायची! या वर्षी गेली नसती तर वय वाढलं म्हणून पुढं तिला कुणी घेतलंच नसतं.

आणि मार्चमध्ये ऋतुराजनं मला तिचा आलेख दाखवला. चौदा. नऊ. सहा.

तळपायाची आग मस्तकात गेली. कारण मलाही दिसत होतं, की तीन आठवड्यांपासून पोरगी वर्गातही गप्प बसायला लागली होती. दर चुकीला टॅब गोड आवाजात म्हणायचा, "पुन्हा प्रयत्न करूया..." कुणाला आवडेल दिवसभर हे ऐकायला?

"तिला सगळं येतं!" मी टेबलावर हात आपटला.

"मॅडम, आकडे तर—"

"आकडे गेले खड्ड्यात! ती काय बोलते ते ऐका ना! एकदा तरी ऐकता का तुम्ही?"

"ऐकतोय की!"

आणि मी थबकले. पुण्याच्या दहा वर्षांत घासूनपुसून लख्ख केलेली त्याची भाषा... आणि रागाच्या भरात त्याचं जेऊर बाहेर पडलं होतं.

"काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"'ऐकतोय की.' हेच तुमच्या टॅबला सांगा. बघू बरोबर देतो का."

टॅब ओढून त्यानं संस्कृतीचं एक रेकॉर्डिंग लावलं.

"हे काय आहे?" टॅबचा आवाज.

"बादली की!" संस्कृतीचा ठसका.

लाल फुली.

"हे काय आहे?"

"सायकल की!"

लाल फुली.

मग एक अवघड चित्र. पोरगी अडखळली, हळूच म्हणाली, "...सुरी?" हिरवी खूण.

जिथं खात्री होती तिथं ती 'की' लावत होती, आम्ही सोलापूरकडचे सगळेच लावतो तसा. आणि टॅबला नुसतं 'बादली' हवं होतं, म्हणून तो तेवढ्याच उत्तरांवर फुली मारत होता. पोरगी जसजशी पक्की होत गेली, तसतसा तिचा आकडा घसरला होता.

"माझी आई असंच बोलते," ऋतुराज पुटपुटला. "जेऊरचा असून मला ऐकू आलं नाही..."

त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं, आणि त्याचा हात धरावा असंही.

दोन दिवस आम्ही सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. वायर आखूड, म्हणून खुर्च्या जवळ... फक्त म्हणूनच. तो मोजायचा, मी लिहायची. मध्येच दोघांची बोटं एकाच पेनावर गेली, आणि कुणीच घाईनं काढली नाहीत.

संस्कृतीचा खरा आकडा निघाला चौतीस.

"मार्गदर्शक सरांशी बोललो," तो म्हणाला. नजर टॅबवर. "ते म्हणतात, तळटीप द्या. मूळ निष्कर्ष बदलला तर अभ्यासच बाद होईल..."

"समितीपुढं कुठला आकडा जाणार?"

त्यानं टॅबवरचा जुना आलेख पुढं सरकवला.

"सहा?" माझा आवाज फाटला. "माझी पोरगी तळटीप नाहीये, सर!"

इअरफोन फेकून मी निघाले. बसमध्ये रडले. कशाला खोटं बोलू, तोपर्यंत तो मला आवडायला लागला होता. आवडला नसता तर एवढं लागलं नसतं.

समितीच्या दिवशी मुख्याध्यापिका महेश्वरी मॅडमनी अहवाल उघडला. ऋतुराज उभा राहिला.

"हा अहवाल मी मागे घेतोय. मुलं घरी कशी बोलतात हे न विचारताच मी मोजायला बसलो. चूक माझी आहे." मग त्यानं संस्कृतीचा खरा आकडा सांगितला आणि रेकॉर्डिंग लावलं. 'बादली की!' समितीतले सगळे हसले. सोलापूरचेच होते सगळे. पाच मिनिटांत ठरलं, संस्कृती जूनपासून होटगीच्या साध्या शाळेत जाणार.

बाहेर ऊन रणरणत होतं. व्हरांड्यात तो माझ्यामागून आला.

"माझा अभ्यास आता पहिल्यापासून. अजून वर्षभर इथंच राहावं लागेल."

"आधी दोन दिवस तळटीपेचा विचार केलात ना?"

"केला. घाबरलो होतो... चार वर्षं घातलीत यात."

"आणि ती पोरगी तीन आठवडे गप्प बसली! येत असून! ते मी माफ नाही करणार."

"नका करू. पण एक सांगू का? मला तुम्ही आवडता. चिडलेल्यासुद्धा."

"भांडणाच्या मध्येच असलं बोलतात का कुणी?"

"मग भांडण संपणार कधी?"

"या वर्षी तर नाहीच." मला हसू येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते. "रविवारी घरी ये. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोलावलंय. तीन महिने रोज जेवताना जो माणूस माझ्या शिव्या खातो, तो त्यांना बघायचाय."

"आणि तुला?"

त्याच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' ऐकलं.

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले, "आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतोय." डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून मी चपला घालायला खाली वाकले.

तोही आपल्या चपला शोधत वाकला. हळूच म्हणाला, "रविवारी किती वाजता?"